विश्लेषण : गावाच्या उशाशी असलेले छोटे धरण सुरक्षित आहे का, हे सांगणार कोण?

बेंबळा, अरुणावती, अडाण, पूस, इसापूर. पावसाळा सुरू झाला की यवतमाळ जिल्ह्यात ही नावे रोज कानावर पडतात. कोणते धरण किती टक्के भरले, किती दरवाजे किती सेंटीमीटरने उघडले, किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, याचे संदेश मोबाइलवर फिरतात. नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा जातो. या धरणांवर अभियंते असतात, पाणीपातळीची नोंद असते, फोन उचलणारा नियंत्रण कक्ष असतो.

याच जिल्ह्यात गावोगावी दुसऱ्या प्रकारची धरणे आहेत. नाल्यावर टाकलेला मातीचा बांध, एका टोकाला सांडवा, बांधाखालून पाणी सोडणारा नळ आणि त्याची विहीर. कोणी त्याला लघु तलाव म्हणते, कोणी साठवण तलाव, कोणी नुसतेच ‘धरण’. या तलावांच्या साठ्याचा एकत्रित आकडा बातमीत येतो. मात्र अमुक गावच्या बांधाला तडा गेला आहे का, सांडवा मोकळा आहे का, विमोचकाचे दार उघडते का, हे त्या आकड्यात दिसत नाही.

धरण लहान म्हणून धोका लहान, असा एक समज सरकारी फायलीत आणि गावाच्या पारावरही पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. धरणाचा धोका बांधाच्या उंचीपेक्षा त्याच्या खाली किती माणसे झोपतात यावर ठरतो. आणि बांध बिघडत असल्याचे पहिल्यांदा दिसते ते गावकऱ्याला. त्याने सांगितल्यावर किती तासांत कोण येते, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

छोटे म्हणजे किती छोटे?

सरकारी हिशेबात प्रकल्पाचा आकार ओलिताच्या क्षेत्रावरून ठरतो. २,००० हेक्टरपर्यंत लाभक्षेत्र असेल तर लघु, २,००० ते १०,००० हेक्टर असेल तर मध्यम आणि त्यापुढे मोठा. सिंचनाच्या नियोजनासाठी ही वर्गवारी ठीक आहे. बांध फुटला तर काय होईल, हे मात्र तिच्यातून कळत नाही.

त्यासाठी वेगळा हिशेब करावा लागतो. एका लहानशा तलावात १ दलघमी, म्हणजे १० लाख घनमीटर पाणी आहे असे धरू. हे पाणी १०० कोटी लिटर होते. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर १०,००० लिटरचा असेल, तर असे एक लाख टँकर. बांध फुटून हे पाणी एका तासात बाहेर पडले, तर सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे २७८ घनमीटर, म्हणजे ९,८०० क्युसेकच्या घरात जातो. पैनगंगा किंवा वर्धेच्या रुंद पात्रात एवढे पाणी सामावून जाते. गावाला लागून वाहणाऱ्या नाल्यात ते मावत नाही. शिवाय ते नुसते पाणी नसते. त्यात बांधाची माती, दगड, उन्मळलेली झाडे आणि तारेची कुंपणे असतात.

दुसरा फरक अंतराचा. मोठ्या धरणातून सोडलेले पाणी खालच्या गावी पोहोचायला बहुधा काही तास लागतात. तेवढ्यात दवंडी देता येते, गुरे सोडता येतात. छोटा तलाव अनेकदा गावापासून हाकेच्या अंतरावर असतो. तिथे हातात मिनिटे असतात, आणि रात्र असेल तर तीही नसतात.

ही धरणे पूर अडवतात का?

‘तलाव झाला, आता नाल्याचा पूर गावात येणार नाही,’ असे बांध घालताना गावाला सांगितले जाते. हे काही अंशी खरे आहे. तलाव रिकामा असेल तर जून-जुलैचे पहिले पाणी तो पोटात घेतो. तो भरलेला असला, तरी पुराचे पाणी त्याच्या पृष्ठभागावर पसरते आणि सांडव्यावरून थोडे उशिरा, थोडे कमी वेगाने बाहेर पडते.

या कामाला मर्यादा आहे, आणि ती साध्या गणितात दिसते. तलावाचे पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटर आहे आणि त्यावर एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस पडला, असे समजा. एकूण पाणी २० लाख घनमीटर झाले. त्यातले निम्मे जमिनीत मुरले, तरी १० लाख घनमीटर, म्हणजे १ दलघमी पाणी तलावात येते. कोरडा तलाव एका रात्रीत काठोकाठ भरतो. तो आधीच भरलेला असेल, तर हे सारे पाणी सांडव्यावरून जायला हवे.

२०० मिलिमीटर हा कागदावरचा आकडा नाही. जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्याने असा पाऊस पाहिला आहे. २२ जुलैला महागाव तालुक्यातील आनंदनगर तांडा पुराच्या पाण्याने वेढला गेला. अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने त्यांची सुटका केली. यवतमाळ शहरातही वाघाडी नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. वर्षाला साधारण ९०० ते १,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात एकपंचमांश पाऊस एका दिवसात कोसळतो, तेव्हा जुन्या अनुभवावर बांधलेले सगळे अंदाज अपुरे पडतात. चार-पाच दशकांपूर्वी आखलेल्या सांडव्याला आजच्या ढगफुटीसारख्या पावसाचा हिशेब माहीत नसतो.

पूर आला की ‘वरच्या तलावाचे दार सोडले’ अशी अफवा हमखास उठते. बहुतेक छोट्या तलावांच्या सांडव्याला दारेच नसतात. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेले की ते आपोआप वाहू लागते. म्हणजे पुराच्या रात्री विसर्ग कमी-जास्त करणे कोणाच्याही हातात नसते. जे करायचे ते आधी, कोरड्या दिवसांतच करावे लागते.

सुरक्षिततेचा भ्रम हा आणखी वेगळा धोका आहे. दहा-पंधरा वर्षे गावात पाणी शिरले नाही की नाल्याच्या जुन्या पात्रात गोठे येतात, मग टिनाची दुकाने, मग घरे. सांडव्याच्या खालची चर बुजवून कोणी तूर किंवा कपाशी पेरतो. सांडव्याचे पाणी मग नाल्यात न जाता वळून बांधाच्याच पायथ्याशी येते आणि तो कुरतडू लागते.

मातीचा बांध फुटतो कसा?

विदर्भातल्या अशा बांधाची रचना साधारण सारखी असते. मध्ये पाणी अडवणारा काळ्या मातीचा गाभा, त्याच्या दोन्ही बाजूंना मुरुमाचे कवच, पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार सोसणारे दगडी अस्तर आणि पायथ्याशी पाझर बाहेर काढणारी चर. नीट दाबून केलेला मातीचा बांध पिढ्यान् पिढ्या टिकतो. तो फुटतो, तेव्हा त्याचे मार्ग मुख्यतः तीन असतात.

पहिला मार्ग माथ्यावरून. सांडव्यात झाडे वाढली, गाळ साचला, मासे निसटू नयेत म्हणून कोणी जाळी लावली किंवा जास्त पाणी साठावे म्हणून पोती रचली, तर पाण्याची वाट अडते. पातळी वाढते आणि पाणी माथ्यावरून उलटते. ते सर्वात आधी तिथे उलटते, जिथे माथा खचलेला आहे. बैलगाड्या, ट्रॅक्टर, टिप्पर यांच्या ये-जा करण्याने पडलेली चाकोरी ही ती जागा असते. मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले की तो वाचवणे फार कठीण होते.

दुसरा मार्ग आतून. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हात आकसते. मे महिन्यात बांधाला पडलेल्या भेगा पहिल्या पावसात बुजतात, पण खोल आडवी भेग राहून गेली तर पाण्याला वाट मिळते. बाभळीसारख्या झाडांची मुळे कुजून पोकळी राहते. घुशी आणि खेकडे बिळे करतात. पाणी या वाटेने माती घेऊन बाहेर पडू लागते. वाट रुंदावते, पाण्याचा वेग वाढतो, आणखी माती जाते. बाहेरून बांध धडधाकट दिसत असतो आणि आत बोगदा तयार होत असतो.

तिसरा मार्ग नळाच्या कडेने. विमोचकाचा नळ बांधाच्या तळातून जातो. नळ आणि माती यांच्या सांध्यात पाणी शिरले की धूप सुरू होते. त्यात मोटारीची पाइपलाइन नेण्यासाठी कोणी बांधच खोदला असेल, तर पाण्याला आयती वाट मिळते. वरून माती ओढून चर बुजवली, तरी ती मूळ बांधासारखी दाबलेली नसते.

गाळ काढण्याचे चांगले कामही चुकीच्या जागी केले तर अंगाशी येते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलाव खोल होतात आणि शेताला सुपीक गाळ मिळतो. पण बांधाच्या अगदी पायथ्याशी पोकलेन लावून खोल खणले, तर पाण्याला रोखणारा चिकणमातीचा थर निघून जातो आणि बांधाचा आधारही कमी होतो. गाळ काढायचा तो बांधापासून पुरेसे अंतर सोडून.

तिवऱ्यात काय घडले?

या साऱ्याचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्राने २ जुलै २०१९ च्या रात्री पाहिले. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण मुसळधार पावसात फुटले. खाली असलेल्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसे दगावली. धरण जुनाट नव्हते. जेमतेम दीड-दोन दशकांचे होते. त्याची साठवण अडीच दलघमीपेक्षाही किंचित कमी होती. राज्यातल्या मोठ्या धरणांच्या यादीत हा आकडा कोणाच्या लक्षातही आला नसता.

लक्षात ठेवायची गोष्ट ही की तिवऱ्यात धरण गळत असल्याचे गावाला माहीत होते. गावकऱ्यांनी तक्रारी केल्या होत्या. त्यानंतर डागडुजीही झाली होती. तरी त्या पावसाळ्यात भेंदवाडीतले लोक आपापल्या घरातच झोपले होते.

फुटीनंतर तेव्हाचे जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण दिले आणि राज्यभर संताप उसळला. बिळांमुळे मातीचा बांध कमकुवत होतो, हे तांत्रिकदृष्ट्या खोटे नाही. परंतु तपासणी करायची असते ती ही बिळे वेळेवर दिसावीत आणि बुजवली जावीत यासाठीच. खेकड्यांचे कारण पुढे करणे म्हणजे बांधाकडे कोणी नीट पाहिले नाही, याची कबुली देणेच होते.

मग करममध्ये वेगळे काय झाले?

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात करम नदीवरील धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपू लागले. हेही मातीचे धरण, आणि तेही बांधकाम सुरू असलेले. गळती ११ ऑगस्टच्या सुमारास लक्षात आली. प्रशासनाने खालची १८ गावे रिकामी केली, लष्कराला बोलावले आणि धरणाच्या बाजूने पोकलेनने चर खोदून पाण्याला वाट करून दिली. १४ ऑगस्टला पाणी वेगाने बाहेर पडले, बांधाचा काही भागही वाहून गेला. शेतांचे नुकसान झाले. माणूस एकही गेला नाही.

करमचे बांधकाम उत्तम होते म्हणून जीव वाचले नाहीत. नवे धरण पहिल्याच पावसात गळते, यात कौतुक करण्यासारखे काही नाही. फरक निर्णयाच्या क्रमात होता. धरण नक्की फुटणार का, हे सिद्ध होण्याची वाट न पाहता आधी माणसे हलवली गेली. दुरुस्तीचा विचार त्यानंतर झाला. तिवऱ्यात गळतीवर उपाय शोधले गेले, पण बांधाखालची माणसे जिथे होती तिथेच राहिली.

छोट्या धरणांच्या बाबतीत हाच क्रम नियम म्हणून स्वीकारला पाहिजे. गढूळ गळती दिसली की आधी वस्ती हलवायची, मग तज्ज्ञांची वाट पाहायची.

जबाबदारी नेमकी कोणाची?

राज्यात तलावाचा मालक सिंचन क्षमतेवरून ठरतो. १०० हेक्टरपर्यंतचे तलाव सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंतचे मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे. एकाच नाल्यावर वरचा पाझर तलाव एका कार्यालयाचा आणि खालचा लघु तलाव दुसऱ्याचा असू शकतो. पाण्याला ही हद्द कळत नाही. वरचा फुटला की त्याचे पाणी खालच्यावर आदळते.

गावकऱ्याला तरी ही हद्द कोठून कळणार? बांधावर पाटी नसते, असली तर गंजलेली असते. तक्रार ग्रामपंचायतीत, तिथून पंचायत समितीत, तिथून ‘हा तलाव आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर घेऊन परत येते.

संसदेने केलेला धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा, तज्ज्ञांकडून सर्वंकष सुरक्षा मूल्यमापन, अशी बंधने त्याने धरणाच्या मालकावर घातली. जुन्या धरणांसाठी कृती आराखडा आणि पहिले मूल्यमापन यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे ती २०२६ च्या अखेरीस संपते. कायद्याचे पालन नाकारणाऱ्याला एक वर्षापर्यंत आणि त्यातून जीवितहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

पण हा कायदा सगळ्या धरणांना लागू नाही. १५ मीटरपेक्षा उंच धरणे त्यात येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणे येतात ती काही अटींवर : बांधाची लांबी किमान ५०० मीटर, किंवा साठवण किमान १० लाख घनमीटर, किंवा पुराचा कमाल विसर्ग सेकंदाला किमान २,००० घनमीटर, किंवा पाया अतिशय अवघड, किंवा रचना नेहमीपेक्षा वेगळी. १० मीटरपेक्षा कमी उंचीचा बांध व्याख्येतच बसत नाही. १९७२ च्या दुष्काळापासून रोजगार हमीच्या कामांतून उभे राहिलेले असंख्य पाझर तलाव अशा रीतीने कायद्याच्या बाहेर राहतात.

या व्याख्येत एक प्रश्न विचारलेलाच नाही : बांधाखाली किती घरे आहेत? ओसाड माळावरचा १६ मीटरचा बांध कायद्यात येतो आणि दोनशे घरांच्या वस्तीच्या डोक्यावरचा ९ मीटरचा येत नाही. धरणाची वर्गवारी संभाव्य हानीवरून करण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी आहे. महाराष्ट्राने निदान आपल्या तलावांपुरती ती स्वीकारायला हवी.

अर्थात, नुसत्या व्याख्येने काम भागणार नाही. तिवऱ्याचे अपयश व्याख्येचे नव्हते. धोका गावाला दिसला होता, तो कार्यालयापर्यंत पोहोचलाही होता, पण कार्यालयातून गावाकडे ‘घरे सोडा’ हा निरोप परत आला नाही.

गावाने काय पाहायचे?

बांध तपासायला अभियंताच लागतो. पण बांध बिघडला आहे, हे ओळखायला पदवी लागत नाही. पावसाळ्यात रोज एक फेरी मारणारा माणूस पुढील गोष्टी पाहू शकतो.

गळतीचे पाणी स्वच्छ की गढूळ : मातीच्या प्रत्येक बांधातून थोडा पाझर येतो आणि पायथ्याच्या चरीतून स्वच्छ पाणी वाहणे हे स्वाभाविक आहे. ते पाणी गढूळ झाले, तर बांधाची माती बाहेर येत आहे. हा सर्वात गंभीर इशारा आहे.

गळती वाढते आहे का : तलावातील पातळी तेवढीच असताना पाझर वाढला, तर आतली वाट रुंदावते आहे.

नवी ओल : बांधाच्या बाहेरच्या उतारावर, पूर्वी कोरडी असलेली जागा ओली किंवा चिखलाची झाली, भर उन्हाळ्यात तिथेच हिरवे गवत दिसले, तर नोंद करावी.

खड्डा किंवा भोवरा : माथ्यावर अचानक पडलेला खड्डा किंवा तलावात बांधाजवळ फिरणारा भोवरा दिसला, तर वेळ फार थोडा आहे.

तडे आणि फुगवटा : बांधाला आडवी गेलेली भेग लांबीच्या दिशेने गेलेल्या भेगेपेक्षा जास्त घातक, कारण ती पाण्याला आरपार वाट देते. पायथ्याचा भाग फुगलेला दिसणे हेही घसरणीचे लक्षण असते.

सांडवा : त्यात बेशरमची झुडपे, जाळी, पोती, मातीचा ढीग काहीही नसावे. खालची चर नाल्यापर्यंत मोकळी असावी.

विमोचकाचे दार : ते उघडते का, हे पावसाळ्याआधी उघडूनच पाहावे. गंजून बसलेले दार म्हणजे गरजेच्या वेळी तलावाची पातळी कमी करण्याची वाट बंद.

यातली कोणतीही गोष्ट दिसली तर मोबाइलवर तारीख-वेळेसह फोटो काढणे आणि शेजारी ओळखीची वस्तू ठेवणे उपयोगी ठरते. दोन दिवसांनी त्याच जागेचा दुसरा फोटो काढला की फरक कोणालाही दिसतो. मात्र गळती बुजवायला गावाने स्वतः बाहेरून माती टाकू नये. पाण्याची वाट बाहेरून बंद केली की आतला दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून फुटते.

‘इतक्या तलावांकडे कोण पाहणार?’

हा आक्षेप खोटा नाही. एका शाखा अभियंत्याकडे अनेक तलाव असतात, पदे रिकामी असतात, दुरुस्तीचा निधी पावसाळा उलटल्यावर येतो. प्रत्येक तक्रारीवर गाव हलवले, तर लोकच पुढच्या वेळी ऐकणार नाहीत, असेही अधिकारी सांगतात. रात्री-अपरात्री म्हातारी माणसे, लेकरे, गुरे घेऊन शाळेत जाऊन राहणे सोपे नसते. पेरणी किंवा डवरणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी कोण भरून देणार, हाही प्रश्न आहेच.

पण याच अडचणींमुळे क्रम लावण्याची गरज आहे. सगळे तलाव सारखे धोकादायक नाहीत. ज्यांच्या खाली वस्ती नाही, ते मागे राहिले तरी चालतील. ज्यांच्या खाली तांडा, पोड, शाळा किंवा रहदारीचा रस्ता आहे, अशांची यादी तालुक्यागणिक छोटीच निघेल. तिच्यावर मर्यादित माणसे आणि मर्यादित पैसा आधी लावता येतो. चुकीच्या इशाऱ्याची किंमत म्हणजे एक-दोन रात्रींची गैरसोय आणि बुडालेला रोज. तो रोज सरकारने भरून दिला, तर लोक दुसऱ्यांदाही निघतील. न दिलेल्या इशाऱ्याची किंमत भेंदवाडीने मोजली आहे.

यंदाच काय करता येईल?

नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याच्या आराखड्यात कोणताही तलाव घेण्याचा, कोणत्याही कार्यालयाला काम नेमून देण्याचा अधिकार तिथे आहे. त्या अधिकारात यवतमाळ जिल्ह्यातील १६ तालुक्यांत पाच गोष्टी करता येतील.

पहिली, मालक कोणीही असो, ज्याच्या खाली वस्ती आहे अशा प्रत्येक तलावाची एकच यादी. दुसरी, प्रत्येक बांधावर ठळक पाटी : तलाव कोणाचा, साठा किती, शेवटची तपासणी कधी झाली, आणि अडचणीत कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. तिसरी, पावसाळापूर्व तपासणीचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवणे. ‘धरण सुस्थितीत’ एवढ्या दोन शब्दांवर न थांबता सांडवा, विमोचक, माथा, गळती यांची वेगवेगळी स्थिती त्यात सांगावी. चौथी, गढूळ गळतीच्या तक्रारीला २४ तासांच्या आत प्रत्यक्ष पाहणी आणि लेखी उत्तर. पाहणी होईपर्यंत वस्ती हलवण्याचा अधिकार तहसीलदारांना आणि गावपातळीवर सरपंच व पोलीस पाटील यांना स्पष्ट शब्दांत द्यावा. पाचवी, वर्षातून एकदा सराव : भोंगा वाजला की कोणी कोणत्या वाटेने कुठे जायचे. ही वाट नाला ओलांडून जाणारी नसावी.

यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. लागतो तो एक नाव असलेला जबाबदार माणूस. आज छोट्या तलावाच्या बाबतीत हेच नाव सापडत नाही. बांधताना भूमिपूजनाच्या कोनशिलेवर अनेक नावे असतात, सांभाळणाऱ्याचे नाव कोठेच नसते.

पुढची ग्रामसभा होईल तेव्हा विकासकामांच्या यादीत समाजमंदिर असेल, रस्ता असेल, पथदिवे असतील. त्याच सभेत एक साधा प्रश्न विचारता येईल : आपल्या तलावाचे विमोचकाचे दार शेवटचे कधी उघडले होते? उत्तर कोणालाच देता आले नाही, तर त्या गावाने आपले पहिले काम ओळखले, असे समजावे.